थडग्याला टेकू नाही : ‘प्लॅन ९ फ्रॉम आउटर स्पेस’

सिनेमा सुरू होऊन पाच-सात मिनिटं झाली असतील. मी नातीला म्हटलं, “थांबव जरा तिथंच.”

पडद्यावर विमानाचं कॉकपिट होतं. दोन वैमानिक साध्या खुर्च्यांवर शेजारी शेजारी बसलेले. हातात धरायचं स्टिअरिंग फळी कापून केल्यासारखं. मागं दार नाही, नुसता पडदा, न्हाणीघराला लावतात तसला. आणि बूमची, म्हणजे माईक टांगलेल्या दांड्याची, सावली सरळ सेटवर पडलेली. पोरं पोट धरून हसत होती. मलाही त्यांनी हसायलाच बोलावलं होतं. “आबा, जगातला सगळ्यात वाईट पिक्चर दाखवतो, या की वर,” म्हणून गच्चीवर नेलं, चादर ताणून बांधली, प्रोजेक्टर लावला, मध्ये भडंगाची परात ठेवली. मला हसू आलं नाही. ३१ वर्षं मी सिनेमाच्या सेटवर सुतारकाम केलं, माझ्या आधी वडिलांनी केलं. दाराचं काम पडद्यावर भागवलेलं दिसलं की मला ती चौकट मोजाविशी वाटते.

तर हे परीक्षण एका सेटवाल्याचं आहे. गोष्ट, अभिनय याबद्दल लिहिणारे पुष्कळ आहेत. मी मुख्यतः लाकूड, कापड आणि उजेड याबद्दल लिहिणार.

सिनेमा अमेरिकेतला, काळा-पांढरा, सुमारे ८० मिनिटांचा. लेखन, दिग्दर्शन, निर्मिती आणि संकलन एकाच माणसाचं, एड वूड याचं. शूटिंग १९५६ च्या अखेरीस हॉलिवूडमधल्या एका लहानशा स्टुडिओत झालं. पहिला खेळ १९५७ साली वेगळ्याच नावानं झाला आणि सगळीकडं लागायला १९५९ उजाडलं. खर्च साधारण ६० हजार डॉलर झाला असं सांगतात. अमेरिकेच्या हिशेबानं तेव्हाही ही रक्कम किरकोळच.

गोष्ट अशी. परग्रहावरची माणसं उडत्या तबकड्यांतून पृथ्वीवर येतात. सरकार त्यांच्याशी बोलायला तयार नाही, उलट त्यांच्यावर तोफा डागतं. आठ योजना फसल्यावर ते नववी काढतात. मेलेल्या माणसांच्या मेंदूतल्या ग्रंथींवर दुरून विजेचा मारा करायचा, मुडदे उठवायचे आणि त्यांची फौज राजधान्यांवर चालवून न्यायची. सिनेमाभर उठतात ते तीन मुडदे. एक म्हातारा, एक त्याची बायको आणि एक पोलीस इन्स्पेक्टर. तिघांच्या फौजेवर पृथ्वी जिंकायची हे ऐकूनच पोरं लोळायला लागली. मला त्यात फारसं वावगं वाटलं नाही. तीन माणसांतून तीनशे उभे करणं ही आमच्या धंद्यातली नेहमीची गोष्ट आहे. पुढं सावली नाचवायची, मागं धूर सोडायचा, कुठं नुसता पायांचा आवाज द्यायचा. बघणाऱ्याला फौज दिसते. इथं ते तिघंही एकेकटे येतात, मोकळ्या उजेडात, सावकाश चालत.

सगळ्यात मोठा दोष म्हणजे या सिनेमात रात्र टिकत नाही. पोलिसांची गाडी भर दिवसा निघते आणि स्मशानात पोचते तेव्हा मिट्ट काळोख असतो. पुन्हा त्याच प्रसंगात एका शॉटमध्ये उजेड, दुसऱ्यात अंधार. म्हातारा मुडदा झाडांतून येतो तेव्हा ऊन पडलेलं असतं, आणि ज्याच्याकडं तो येतोय त्याच्याभोवती रात्र.

आता कोणी म्हणेल, रात्रीचं शूटिंग महाग असतं. असतंच. म्हणून तर दिवसाची रात्र करतात. काळ्या-पांढऱ्या फिल्मवर लेन्सला तांबडा फिल्टर लावला की निळं आभाळ काळवंडतं. सूर्य नटाच्या पाठीमागं घ्यायचा म्हणजे कडांवर चांदण्यासारखा उजेड येतो. लेन्सचं तोंड बारीक ठेवायचं, आणि शक्य असेल तर आभाळ चौकटीत घ्यायचंच नाही. पंचगंगेच्या काठाला उसाच्या फडात आम्ही असं एक अख्खं रात्रीचं प्रकरण दुपारी तीन ते पाचच्या दरम्यान उरकलंय. तो पिक्चर रंगीत होता म्हणून फिल्टर निळा. बाकी सगळं हेच. कॅमेरामनचा एक माणूस केवळ आभाळाकडं बघायला ठेवला होता. ढग आला की तो हात वर करायचा. या सगळ्याला फिल्टरच्या एका काचेपलीकडं पैसे लागले नाहीत.

त्यात कोल्हापूरच्या माणसाला हे जास्त लागतं. आमचं घर मंगळवार पेठेत, खरी कॉर्नरच्या कॅमेरा स्तंभापासून चालत पाच मिनिटांवर. जिथं बाबूराव पेंटरांची मूकपट काढणारी महाराष्ट्र फिल्म कंपनी होती तो हा भाग. बाबूरावांकडं काय होतं? आनंदराव पेंटरांबरोबर त्यांनी स्वतःच कॅमेरा बनवायला घेतला. आनंदराव १९१६ साली गेले, तरी बाबूरावांनी काम सोडलं नाही, कॅमेरा पुरा केला. गायिका तानीबाई कागलकर यांनी पैसा घातला तेव्हा कंपनी उभी राहिली. १९२० साली ‘सैरंध्री’ आला आणि १९२३ साली ‘सिंहगड’. त्या ‘सिंहगड’मध्ये त्यांनी कृत्रिम उजेड वापरला. तोवर आपल्याकडचे पिक्चर सूर्यावर चालायचे. तानाजीनं गड चढायचा तो रात्रीच, म्हणून हा माणूस दिवे घेऊन उभा राहिला. हॉलिवूडमध्ये १९५६ साली बसून एखाद्याला रात्र का करता आली नाही, या प्रश्नाचं ‘पैसा नव्हता’ हे उत्तर मी तरी मान्य करणार नाही.

योगायोग म्हणजे वूडलाही पैसा सिनेमाच्या बाहेरून आला. बाप्टिस्ट चर्चच्या काही मंडळींनी तो दिला. या सिनेमातून कमाई झाली की पुढं धार्मिक सिनेमे काढायचे असा त्यांचा विचार होता. त्यांनी कलाकारांना बाप्तिस्मा घ्यायला लावला. ‘ग्रेव्ह रॉबर्स’ म्हणजे थडगी लुटणारे, हे पहिलं नाव त्यांना रुचलं नाही म्हणून ते बदललं. पैसे देणाऱ्यांपैकी दोघं थडगी खोदणारे म्हणून पडद्यावरही आलेत. दोघांचं काम वाईट नाही.

आता स्मशान. हा माझा विषय.

अर्धा सिनेमा या एका सेटवर चालतो आणि सेट बघवत नाही. थडग्याचे दगड माणूस जवळून गेला तरी हलतात, एक तर सरळ आडवा होतो. जमीन म्हणून अंथरलेल्या गवताला पाय पडेल तिथं सुरकुती येते. झाडं म्हणून काही वाळक्या फांद्या रोवल्यात आणि मागं काळं कापड, तेही सगळीकडं पुरलेलं नाही. स्टुडिओतलं स्मशान आणि बाहेरचं खरं स्मशान आलटून पालटून दाखवलंय, आणि दोन्हींत एकही खूण सारखी ठेवलेली नाही. एक वाकडा क्रूस किंवा एक मोडकं कुंपण दोन्हीकडं दिसलं असतं तरी डोळ्यानं बाकीचं जुळवून घेतलं असतं.

१९८६ साली एका ग्रामीण पिक्चरसाठी आम्ही घाटावरच्या समाध्या उभ्या केल्या होत्या. सात समाध्या. प्लायचा सांगाडा, वरून किंतान, त्यावर प्लास्टरचा हात, मग रंग. आमचे मिस्त्री रंगाकडं बघायचेच नाहीत. येऊन प्रत्येक समाधीला खांद्यानं रेटा द्यायचे. हलली की, “उतरवा.” आम्ही म्हणायचो, “मिस्त्री, हिला कोण हात लावणार नाही, ही मागची आहे.” ते म्हणायचे, “नटीला रडू आलं की ती कुठंही टेकते.” म्हणून सातही समाध्यांना मागून तिरका टेकू आणि बुडाला सिमेंटच्या रिकाम्या पोत्यांत भरलेली वाळू. हरळीचे गड्डे शेतातून कापून आणले, तीन दिवस पाणी मारलं, ती जमिनीला धरली. शूटिंगच्या दिवशी नटी खरोखरच मागच्या समाधीला टेकली, आणि तो शॉट पिक्चरमध्ये आहे. त्या वाळूचे आम्ही कोणाला पैसे दिले नव्हते.

कोल्हापुरात ‘चालतंय की’ हा शब्द सकाळपासून रात्रीपर्यंत कानावर पडतो. त्यात धीर आहे, माया आहे. कोणाचं काही बिघडलं तर आपण तेच म्हणतो. मिस्त्रींच्या सेटवर मात्र तो शब्द बंद होता. आणि हा सिनेमा बघताना मला शॉटमागून शॉट तोच ऐकू येत होता. सावली दिसतेय? चालतंय की. दोरा दिसतोय? चालतंय की. तबकड्या म्हणजे दुकानात मिळणारी जोडणीची प्लॅस्टिकची खेळणी, दोऱ्यावर लोंबकळत डुलतात. खेळण्याला माझी हरकत नाही. आम्ही आगगाडीही खेळण्याची दाखवली आहे. पण दोऱ्याला काळा रंग द्यायचा आणि मागची बाजू गडद ठेवायची, हे तर बाहुलीनाट्यवाल्यालाही माहीत असतं. शिवाय बाहेरून गोल दिसणारी तबकडी आत गेल्यावर चौकोनी खोली निघते. त्या खोलीत लाकडी टेबलं, त्यावर रेडिओसारखी यंत्रं, आणि पुन्हा पडदे. परग्रहावरचे लोक चकचकीत कापडाचे सदरे घालून त्या पडद्यातून ये-जा करतात. गोल भिंत करायला सुताराला त्रास पडतो, हे खरं. पण कोपऱ्यात अंधार ठेवला तर खोली चौकोनी आहे हे कोणाला दिसत नाही. दिवा कमी करायला पैसे लागत नाहीत, उलट वाचतात.

अभिनयावर थोडक्यात. नायक वैमानिक ठीक. पोलीस अधिकारी हातातल्या पिस्तुलाच्या नळीनंच मान खाजवतो आणि ते तसंच ठेवलंय. म्हाताऱ्याच्या बायकोचं काम केलेली व्हॅम्पायरा त्या काळी टीव्हीवर भुतांच्या सिनेमांचा कार्यक्रम सादर करायची. तिनं संवाद म्हणायला नकार दिला आणि नुसती चालली. चांगलं केलं. तिची बारीक कंबर आणि पुढं ताणलेले हात एवढंच पुरतं. संगीत इकडून तिकडून जमवलेलं तयार संगीत आहे, आणि ते तसंच वाटतं.

इन्स्पेक्टर मात्र कोल्हापूरकराला लगेच ओळखू येईल. टॉर जॉन्सन हा मूळचा स्वीडनचा, कुस्तीतला पैलवान. पडद्यावर आला तसा मी म्हटलं, हा मातीतला माणूस आहे. मान, खांदे, उभं राहायची तऱ्हा. खासबागेच्या कुस्ती मैदानात लहानपणापासून बसलेल्याला हे सांगावं लागत नाही. असा देह मिळाल्यावर दिग्दर्शकानं त्याला बोलायला लावलं ही चूक, कारण जड उच्चारांमुळं त्याचं एक वाक्य धड कळत नाही. मेल्यावर तो गप्प होतो आणि लगेच भीती वाटायला लागते. थडग्यातून उठतानाचा त्याचा शॉट बघा. खड्डा त्याच्या मापाचा नाही. एवढा ताकदवान गडी हात टेकून, धडपडत वर येतो. पोरं हसली. मला त्याची दया आली. खड्डा एक फूट जास्त रुंद घेतला असता आणि आतून एक फळी पायाला दिली असती, तर तो पैलवान जसा उठतो तसा एका दमात उठला असता आणि गच्चीवर एकजण बोलला नसता. नटाच्या अंगाला सेट बेतायचा असतो. आम्ही चौकट करायच्या आधी नटाची उंची विचारायचो.

आणि आता म्हाताऱ्याचं काम केलेला बेला लुगोसी. ‘प्लॅन ९’ वाईट आहे असं मी म्हणतो, पण या माणसासाठी तो बघायलाच हवा.

लुगोसी हा तेव्हाच्या हंगेरीत जन्मलेला नट. १९३१ च्या ‘ड्रॅक्युला’नं जगभर गाजला. मग कामं आटत गेली, प्रकृती ढासळली. शेवटच्या दिवसांत त्याला काम देणारा माणूस म्हणजे एड वूड. दुसऱ्याच कुठल्या तरी सिनेमासाठी वूडनं त्याचे थोडे मूक शॉट घेऊन ठेवले होते. १६ ऑगस्ट १९५६ ला लुगोसी गेला, ७३ वर्षांचा होता. त्याला ड्रॅक्युलाच्या झग्यातच पुरलं. वूडनं ते शॉट टाकले नाहीत. त्यांच्याभोवती हा सगळा सिनेमा बांधला.

त्यातला एक शॉट असा. म्हातारा लहानशा घरातून बाहेर येतो. बायको नुकतीच गेली आहे. ऊन आहे, खरं ऊन. तो थांबतो, दाराशेजारचं एक फूल तोडतो, वास घेतो, आणि मग चेहरा असा होतो की गच्चीवर कोणी भडंगात हात घातला नाही. काही संवाद नाही. वरून निवेदकाचा आवाज येत राहतो, तो नसता तर बरं झालं असतं. ८० मिनिटांत सेट नसलेला, नकली काही नसलेला एवढाच तुकडा. तिथं ना पडदा आहे, ना दोरा.

बाकी ठिकाणी लुगोसीच्या जागी दुसरा माणूस उभा केलाय. वूडच्या बायकोच्या मणक्यावर उपचार करणारा टॉम मेसन. आपल्याकडचा हाडवैद्य म्हणा हवं तर. लुगोसीपेक्षा उंच, चेहऱ्यानं अजिबात तसा नाही, म्हणून झगा नाकापर्यंत ओढून तो अख्खा सिनेमा फिरतो. आणि लुगोसीचा झाडांतून येणारा तोच शॉट पुन्हा पुन्हा वापरलाय. यावर लोक सगळ्यात जास्त हसतात असं नात म्हणाली. मी बराच वेळ गप्प होतो. आमच्या एका पिक्चरचं काम अर्ध्यावर असताना एक जुने चरित्रनट गेले होते. त्यांचे दोन प्रसंग राहिले होते. पाठमोरा माणूस बसवून, आरामखुर्चीचा उंच पाठ मुद्दाम वाढवून आम्ही ते पुरे केले. खुर्ची मी केली. पाठीच्या वर फक्त त्यांची टोपी दिसेल एवढं माप ठेवलं होतं. लोकांना कळलं नाही, घरच्यांना कळलं, आणि ते पहिल्या खेळानंतर येऊन त्या खुर्चीबद्दल बोलले. म्हणून वूडनं केलं ते मला चुकीचं वाटत नाही. मेलेल्या मित्राचं शेवटचं काम पडद्यावर यावं ही त्याची इच्छा प्रत्येक तुकड्यात दिसते. माझं म्हणणं एवढंच की त्या इच्छेला एक उंच पाठीची खुर्ची द्यायला हवी होती. झगा नाकावर ओढून चालणारा माणूस बघणाऱ्याच्या डोळ्यांतून लुगोसीलाच पुसून टाकतो.

कथेतही एक चांगला दगड आहे, तो सांगायलाच हवा. परग्रहावरचा माणूस शेवटी सांगतो की माणसानं आधी फटाका केला, मग हातबाँब, मग मोठे बाँब, मग अणुबाँब, मग हायड्रोजन बाँब. आता तो सूर्याच्या उजेडाचाच स्फोट करायला शिकेल आणि सगळं विश्व पेटेल, म्हणून आम्ही तुम्हाला थांबवायला आलो. हायड्रोजन बाँबचा पहिला स्फोट अमेरिकेनं १९५२ साली केला होता. म्हणजे सिनेमा निघाला तेव्हा ही भीती ताजी होती. हल्लेखोराचं म्हणणं खरं आणि आपलं खोटं, ही कल्पना मोठी आहे. पण ती चार माणसं एका खोलीत उभं राहून भाषणासारखी ऐकतात, आणि ऐकून झाल्यावर नायक त्या वक्त्याच्या थोबाडीत देतो. दाखवलं काहीच नाही.

१९८० साली अमेरिकेतल्या एका पुस्तकानं वाचकांची मतं घेऊन याला आजवरचा सर्वांत वाईट सिनेमा ठरवलं. तेव्हापासून लोक हसायला म्हणून तो लावतात. वूड १९७८ च्या डिसेंबरातच गेला होता, हलाखीत. १९९४ साली त्याच्यावर हॉलिवूडनं मोठा सिनेमा काढला. त्यात लुगोसी झालेल्या मार्टिन लँडो यांना ऑस्कर मिळालं, मेकअपलाही मिळालं. या सिनेमावर हसणं मला पटत नाही, आणि ‘इतका वाईट की चांगला’ हेही पटत नाही. वाईट आहे. ज्या चुका आहेत त्यातल्या निम्म्याहून जास्त एका सकाळीत, फुकट दुरुस्त होण्यासारख्या होत्या, आणि कोणी केल्या नाहीत. सिनेमा शिकणाऱ्या पोरांनी एकदा मनापासून बघावा, हातात वही घेऊन. घरी मुलाबाळांसह बघायलाही हरकत नाही, ओंगळ काही नाही. नुसत्या करमणुकीला बसणार असाल तर मधली वीस मिनिटं जड जातील. फुलाचा शॉट मात्र चुकवू नका.

पोरांनी हा सिनेमा उगाच लावला नव्हता. त्यांना कॉलेजसाठी १२ मिनिटांची फिल्म करायचीय. रंकाळ्यावर पहाटे यान उतरतं, असं काहीतरी. यानाचं दार काय करायचं यावर त्यांचं ठरत नव्हतं, आणि एकानं खरोखरच पडदा सुचवला होता. नात माझ्याकडं बघत होती. दुसऱ्या रविवारी गच्चीवरच काम काढलं. सहा बाय तीनचं प्लायचं दार, दीड इंची पट्टीची चौकट, मागून दोन टेकू, बुडाला चार पोती वाळू. रंग द्यायच्या आधी मी पोरांना ते दार दहा वेळा आपटायला सांगितलं. सहाव्या वेळेला चौकट थरथरली, एक टेकू फूटभर मागं घेतला. आठव्याला वरच्या बिजागरीचा स्क्रू सुटला. तो काढून दोन इंची बसवला आणि पुन्हा पहिल्यापासून आपटायला सुरुवात केली.